गुरवकाकांचा जड क्लच

गुरवकाकांना कुणाची मोटारसायकल बिघडलीय असं कळलं की त्यांचा चेहरा खुलायचा. असं सांगणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. मीरा रोडच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणी बिचारा ऑफिसच्या कपड्यांत किकवर किक मारून घामाघूम झालेला असायचा आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत काका लग्नाचं आमंत्रण आल्यासारखे उभे असायचे. मग पायात सपाता अडकवून खाली यायचे. हातात पाना नाही, स्क्रू ड्रायव्हर नाही, फक्त पाण्याची एक लहान बाटली.

ते मेकॅनिक नव्हतेच मुळी. सगळी नोकरी त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. मीरा रोडला जितक्या बिल्डिंगा तितक्या लिफ्ट, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही रस्त्याने चालताना मध्येच थांबून ते एखाद्या बिल्डिंगकडे कान लावत. "चौथ्या मजल्यावर घासतेय," असं पुटपुटून पुढे जात. पण आता लिफ्टला हात कोण लावू देणार? कुणाची परवानगी न घेता उघडून बघता येईल असं यंत्र एकच उरलं होतं. त्यांची स्वतःची एक जुनी काळी मोटारसायकल होती, आणि रोज सकाळी तिच्यावरून एक फेरी मारून आल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. मंदाकाकू म्हणायच्या, "माझ्याशी एक दिवस बोलले नाहीत तर चालतं, तिला चालू केलं नाही तर आजारी पडतात."

बाटलीचा उपयोग असा. काका बोटाने दोन थेंब इंजिनावर शिंपडत, तवा तापलाय का बघताना बायका शिंपडतात तसे. थेंब नुसते सुकले, की चर्र झाले, की नाचत उडून गेले, यावरून इंजिन किती तापलंय ते त्यांना कळे. मग पहिला प्रश्न ठरलेला. "शेवटचं काय बदललंस?"

यावर प्रत्येक गाडीवाला सांगतो, "काहीच नाही." मी तरी दुसरं उत्तर ऐकलेलं नाही. काका वाद घालत नसत. गाडीपाशी उकिडवे बसून राहत, अगदी गप्प. शांतता असह्य होऊन माणूस स्वतःच बोलू लागे. आरसा बदलला. साखळी घट्ट केली. मेहुण्याने दोन दिवस नेली होती. काका प्रत्येक गोष्टीवर मान हलवत आणि त्यातली एकच उचलत.

फी म्हणाल तर एकच. आठ दिवसांनी येऊन सांगायचं, फरक पडला की नाही. लोक गाडी सुरू झाली की विसरतात. काका विसरत नसत. तिसऱ्या मजल्यावरचे शहाभाई सांगायला आले नाहीत, तर काका शेअर रिक्षात त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि थेट स्टेशनपर्यंत गेले. "गाडी का क्या हुआ?" एवढंच विचारायला. स्टेशनला त्यांचं काहीच काम नव्हतं, परत पायी आले.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती माझ्याच मूर्खपणामुळे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आणि बाबांच्या मागे त्यांची मोटारसायकल मी चालवते. साडेचार फुटांहून थोडीशीच उंच बाई जुन्या मोटारसायकलवरून निघाली की सिग्नलला लोक मान वळवतात, त्याची मला सवय झालीय. तर ती गाडी अचानक विचित्र वागायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलायचं, पण गाडी पुढे सरकायची नाही. पुलाच्या चढावर तर सायकलवाले पुढे जायचे. आणि घरी येईपर्यंत इंजिन असं तापायचं की गुडघा भाजून निघायचा.

"शेवटचं काय बदललंस?" काका.

"काहीच नाही, काका."

ते उकिडवे बसले. मी घड्याळ बघितलं, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. शेवटी म्हणाले, "इंजिन बोललं तेवढं पुरे, आता तू बोल."

"ऑइल फक्त बदललं. पण ते तर चांगलंच घातलं. मामाने कारसाठी आणलेलं, उरलं होतं. भारीतलं."

काकांनी डोळे मिटले आणि खूप चवीचं काहीतरी खाल्ल्यासारखे हसले. मग त्यांनी मला समजावलं. कारचा क्लच कोरडा असतो, ऑइलच्या बाहेर. आपल्या गाडीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडून काम करतो. त्याच्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा चाक फिरतं. कारच्या भारी ऑइलमध्ये घर्षण कमी व्हावं, सगळं सुळसुळीत व्हावं म्हणून जे काही घातलेलं असतं, त्यामुळे या चकत्या एकमेकींवरून निसटतात. निसटल्या की घासतात, घासल्या की तापतात. "तू गाडीला तूप पाजलंस," ते म्हणाले. "माया केलीस. पण तिला भाकरी हवी होती."

स्टेशनजवळच्या इरफानच्या गॅरेजमध्ये ते ऑइल काढून मोटारसायकलचं घातलं, थोडं चालवून पुन्हा एकदा बदललं, आणि गाडी सुधारली. आठव्या दिवशी मी सांगायला गेले तेव्हा काकूंनी कांदेपोहे केले होते. कुणीतरी आपणहून सांगायला आलं याचा त्या घरात सणच असायचा. तेव्हापासून मी त्यांच्या खास मर्जीतली. "ही लॅबवाली," काका लोकांना सांगत, "हिला रीडिंगची किंमत कळते." हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

राईच्या हरेश्वरची गोष्ट काका स्वतः रंगवून सांगत, पण मी तिची साक्षीदार आहे, म्हणून माझ्या पद्धतीने सांगते. हरेश्वर राई गावातला, भाजी घेऊन इकडे विकायला येणारा. त्याची जुनी गाडी तापून बंद पडायची. गंमत अशी, की ती आमच्याकडे कधीच तापत नसे. काकांनी थेंब शिंपडले, ऑइल बघितलं, क्लचच्या दांडीला नाण्याच्या जाडीएवढी ढील आहे की नाही ते बघितलं, स्वतः चालवून आले. काही नाही.

"काय बदललंस?"

"काय न्हाय बदलला, काका. जशी हाय तशीच हाय. हितं तापत न्हाय, आमच्या गावात तापते."

उकिडवं बसून उपयोग झाला नाही. हरेश्वर काकांपेक्षा जास्त वेळ गप्प बसू शकणारा माणूस होता. दुसरा कुणी असता तर त्याने हरेश्वरला वेड्यात काढलं असतं. काका म्हणाले, "गावात तापते म्हणतोय ना? मग गावात जाऊन बघायला पाहिजे." पुढच्या रविवारी ते निघाले, मी माझ्या गाडीवरून त्यांच्या मागोमाग गेले.

राईला पोचलो तर हरेश्वरची गाडी घरासमोर उभी, आणि तिच्या पुढच्या गार्डला कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला. अर्धा चेहरा, एक गॉगल आणि "हार्दिक". खाडीच्या कडेच्या रस्त्यावर चिखल पायांवर उडतो म्हणून त्याने तो आडवा बांधला होता. इंजिनाला थंड ठेवणारा वारा समोरून येतो, आणि हा गॉगलवाला तो सगळा अडवून बसला होता.

"हे मीरा रोडला का नव्हतं?" काकांनी विचारलं.

हरेश्वर लाजला. "तिकडं येताना सोरून ठेवतो. लोका हसतात."

काका तिथेच ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण त्यांनी त्याला काढून टाक म्हटलं नाही. फ्लेक्स कापून दोन तुकडे केले, दोन्ही बाजूंना पायांपुढे बांधले, मधली वाट वाऱ्याला मोकळी. येताना मला म्हणाले, "तो पहिल्यापासून खरं बोलत होता बघ. गावात तापते म्हणाला, गावातच तापत होती. माणसं खोटं क्वचित सांगतात. अर्धं सांगतात."

मी मान डोलावली. पुढे त्यांच्याशी पूर्ण खोटं बोलणारी मीच निघाले.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचा क्लच जड लागायला लागला, तेव्हा काका आधी खूश झाले. घरचंच कोडं! त्यांनी पद्धतशीर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा त्यांचा नेम. आधी केबलमध्ये तेल सोडलं. आठ दिवस वाट बघितली. फरक नाही. मग केबलच नवी घातली. आठ दिवस. मग दांडी. सकाळची फेरी आता छोटी होत चालली होती. गर्दीत सारखा क्लच दाबावा लागतो, तो दाबताना दम लागतो, असं ते म्हणत. एकदा सिग्नलला क्लच पुरता दाबला गेला नाही आणि गाडी उडी मारून पुढच्या रिक्षेला टेकली. त्या दिवशी काकूंनी मला जिन्यात गाठलं. "ही गाडी सुटली ना, तर हे घरात बसून संपतील गं," त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या आणि भाजीची पिशवी घेऊन वर गेल्या.

इरफानने दाबून बघितलं. "काका, एकदम मक्खन है."

काकांनी ते मानलं नाही. "तेरा हाथ पाने का हाथ है. तुझे सब मक्खन लगता है." मग त्यांनी मला बोलावलं. तर्क बरोबर होता. माझा हात साधा, रोज क्लच दाबणारा, आणि मी लॅबवाली.

मी त्यांच्या गाडीवर बसले आणि डाव्या हाताने क्लच दाबला. इरफानचं खरं होतं. लोण्यासारखा होता. माझ्या गाडीपेक्षाही हलका.

मी वर बघितलं. काका दांडीकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा डावा हात बनियनवर टेकलेला होता आणि अंगठ्याजवळचा मांसल भाग बसलेला मला स्पष्ट दिसला. मी रोज शेकडो हात बघते, रक्त घेण्यासाठी. मला त्या क्षणी सगळं कळलं. बिघाड गाडीत नव्हता. आणि मला हेही कळलं, की मी ते सांगितलं तर गाडी जाईल, आणि काकूंचं जिन्यातलं वाक्य आठवलं.

"हो काका," मी म्हटलं, "जरा जडच आहे."

त्यांना इतकं बरं वाटलं की माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. वय झालं की हात थकतात, त्यात सांगण्यासारखं काय, असं मी मनाला समजावत वर गेले.

त्यानंतर दीड महिना काकांनी त्या क्लचची अक्षरशः चिरफाड केली. इरफानला गाडी उघडायला लावली, स्प्रिंग बदलल्या, चकत्या तपासल्या, केबलची वाट बदलली. इरफान माझ्याकडे बघून खांदे उडवायचा. मी लॅबमध्ये काम जास्त आहे असं सांगून पार्किंग टाळायला लागले. कपाळावर आठी आणि जवळजवळ आनंद अशा चेहऱ्याने काका ऑइलने काळे झालेले हात पुसत असायचे. कोडं अवघड होत चाललं होतं, म्हणून ते अजून हरले नव्हते.

एका रविवारी दुपारी माझी बेल वाजली. दारात काका. हातात सामानाची बॅग उचलून वजन करायचा लटकता काटा.

"खाली ये जरा."

पार्किंगमध्ये त्यांनी काट्याचा हुक त्यांच्या गाडीच्या क्लचच्या दांडीत अडकवला आणि उजव्या हाताने दांडी पूर्ण दाबली जाईपर्यंत ओढलं. आकडा मला दाखवला. मग तोच काटा माझ्या गाडीला, दांडीवर तेवढ्याच अंतरावर. माझा आकडा जास्त होता.

"तुझा क्लच माझ्यापेक्षा जड आहे," ते म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मग माझा तुला जड कसा लागला?"

उकिडवं बसायची त्यांना गरज पडली नाही. मी सगळं सांगितलं. हलका लागला होता, हात दिसला होता, काकू बोलल्या होत्या, मला वाईट वाटलं होतं. बोलता बोलता रडू यायला लागलं, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"लॅबमध्ये पेशंटला वाईट वाटेल म्हणून साखर कमी लिहितेस?"

"नाही."

"मग माझी का लिहिलीस?"

त्यांनी काट्याचं वरचं कडं माझ्या हातात धरायला दिलं, हुकात चार बोटं घातली आणि आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने ओढलं. डाव्याचा आकडा निम्माही भरला नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. पुन्हा. तीनदा तोच आकडा आला तेव्हा ते त्या आकड्याकडे फार वेळ बघत राहिले. शेवटी सापडलेल्या बिघाडाकडे ते नेहमी बघत तसेच, मान एका बाजूला कलती करून.

"बरं," म्हणाले. "गाडी बरी आहे म्हणजे."

डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेले. कोपरापाशी नस दबली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? काकांनी केबलला तेल सोडलं तो आठवडा सांगितला, केबल बदलली तो सांगितला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मध्ये दीड महिना चुकीच्या रीडिंगमुळे गेला." डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण स्नायू बसलेत, थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं. किती ताकद परत येईल ते सांगता येत नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "काका, माझ्यामुळे झालं हे."

"निम्मं," ते म्हणाले. त्यांनी खरंच थोडा हिशेब केला असावा. "इरफानने खरं सांगितलं होतं, ते मला आवडलं नाही म्हणून टाकून दिलं. तुझं आवडलं, म्हणून तपासलं नाही. लिफ्टवर असं कधी केलं नव्हतं मी." मग उठता उठता, "पण निम्मं तुझं आहे, ते मी घेणार नाही." मला ते लागलं, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. त्यांनी मला माफ करून वाटेला लावलं असतं तर मी ते लगेच विसरून गेले असते.

ऑपरेशन झालं. टाके निघाले. त्यानंतर दर रविवारी सकाळी ते मला बोलावत, माझी दोन बोटं डाव्या मुठीत धरत आणि दाबत. काटा होता की घरात, पण काटा वापरायला ते तयार नव्हते. "आकडा मला एकट्यालाही वाचता येतो, रीडिंग तू द्यायचं," म्हणायचे. मी सांगायचे. जोर थोडा वाढला. तेवढाच. या वेळी कमी. कमी म्हटलं की काकू ताटल्या जरा जोरात ठेवायच्या. काळी गाडी खाली उभी होती. इरफान अधूनमधून येऊन ती चालू करून जायचा, आणि काका खिडकीतून ऐकायचे.

काही महिन्यांनी त्यांनी संगमेश्वरकडच्या गावी जायचं ठरवलं. तिथे रस्त्याला गर्दी नाही, सारखा क्लच दाबावा लागत नाही, हा त्यांचा हिशेब. डॉक्टर हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. सामानाचा टेम्पो आला. मागे गाद्या, भांडी, आणि त्यांच्या मधोमध दोरांनी बांधलेली काळी मोटारसायकल. काकू पुढे बसल्या. काका टेम्पोच्या पायरीपाशी थांबले, माझ्याकडे वळले आणि डावा हात पुढे केला.

सगळी बिल्डिंग खाली जमली होती. सगळ्यांना वाटलं, निरोप घेतायत. मी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली. त्यांनी दाबलं. दात आवळून, मानेची शीर ताठ होईपर्यंत दाबलं. मला त्या वेळी काय म्हणावंसं वाटत होतं ते सांगायला नको. काकू खिडकीतून माझ्याकडेच बघत होत्या.

"तेवढाच आहे, काका," मी म्हटलं. "मागच्या रविवारइतकाच. क्लचला अजून पुरणार नाही."

त्यांनी मूठ सोडली नाही.

"पण कमी नाही झाला?"

"नाही. कमी नाही झाला."

"खरं?"

"खरं."

त्यांनी मान हलवली, माझी बोटं सोडली आणि उजव्या हाताने दार धरून वर चढले.